‘मी लिवचंय नाय!’ : हट्टी विद्यार्थी आणि छात्राध्यापिका

मुंबई-गोवा महामार्गावरून गगनबावड्याकडे आणि विजयदुर्गाकडे जाणारे रस्ते जेथे फुटतात, त्या तळेरे परिसरातील एखाद्या प्राथमिक शाळेतील चौथीचा वर्ग डोळ्यांसमोर आणावा. शिक्षणशास्त्र पदविकेची छात्राध्यापिका छात्रसेवाकालासाठी शाळेत आली आहे. पाठटाचण तयार आहे, तक्ते रंगवले आहेत, मागच्या बाकावर वर्गशिक्षक निरीक्षणाची वही घेऊन बसले आहेत. ‘वही काढा’ असे बाई सांगतात आणि तिसऱ्या रांगेतील एक मुलगा हाताची घडी घालून स्पष्ट सांगतो, ‘मी लिवचंय नाय!’ वर्गात खसखस पिकते आणि सारे डोळे बाईंकडे वळतात.

पाठटाचणात या क्षणासाठी रकाना नसतो. अशा वेळी नवख्या शिक्षकाच्या मनात दोनच पर्याय उभे राहतात. एक तर आवाज चढवून मुलाला नमवावे, नाही तर ऐकू आलेच नाही असे दाखवून पुढे जावे. पहिल्याने त्या मुलाला तीस प्रेक्षकांसमोरचा आखाडा आयता मिळतो. दुसऱ्याने बाईंचे न ऐकले तरी चालते, हे उरलेल्या वर्गाला कळते. शिवाय ही बाई काही आठवड्यांची पाहुणी आहे, खरे गुरुजी मागे बसले आहेत, हेही मुलांना ठाऊक असते. अधिकार उसना असल्यामुळे तो ताणून पाहण्याचा मोह मुलांना होणारच.

छडीचा मार्ग तर कायद्यानेच बंद केला आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिनियमातील कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करते. वर्गाबाहेर उभे करून लाज आणणे, जातीवरून अगर घरच्या परिस्थितीवरून बोलणे हा मार खपवून घेतला जात नाही म्हणून शोधलेला पर्याय ठरू शकत नाही.

मग करावे काय? त्या क्षणी जिंकण्याचा विचार सोडून द्यावा. मुलाजवळ जावे, आवाज खाली आणावा आणि त्याला मान राखून माघार घेता येईल अशी निवड द्यावी : ‘वहीत लिहितोस की पाटीवर?’ किंवा ‘आधी मला तोंडी सांगतोस का?’ एवढे बोलून तेथून दूर व्हावे. उत्तराची वाट पाहत समोर उभे राहिले की पुन्हा आखाडा तयार होतो. उरलेल्या वर्गाला लगेच कामाला लावावे आणि पाचेक मिनिटांनी सहज फेरी मारल्यासारखे त्याच्याकडे परतावे. दरम्यान त्याने पेन्सिल हातात घेतली असेल, तर त्याचा गाजावाजा करू नये. ‘बघ, जमलं ना!’ हे वाक्यसुद्धा अशा मुलाला टोमण्यासारखे लागते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेकब कूनिन यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वर्गनियंत्रणाविषयी एक अनपेक्षित गोष्ट आढळली. गडबड झाल्यानंतर शिक्षक तिला कसा आवर घालतो, यावरून चांगले आणि कच्चे शिक्षक ओळखता येत नव्हते. फरक होता तो गडबडीच्या आधीच्या वागण्यात : पाठ न रेंगाळता चालला आहे का, फळ्यावर लिहितानाही बाईंचे लक्ष वर्गभर आहे का, यात. तक्ता खिळ्याला लावण्यात गेलेली चार मिनिटे म्हणूनच महाग पडतात.

मधल्या सुट्टीत मुलाच्या वागण्याचे कारण शोधताना रुडॉल्फ ड्रायकर्स यांची एक कसोटी उपयोगी पडते. व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेल्या या मनोविकारतज्ज्ञांनी मुलांच्या गैरवर्तनामागे चार हेतू मानले : लक्ष वेधणे, सत्ता गाजवणे, सूड घेणे आणि ‘मला जमणारच नाही’ म्हणून अंग काढून घेणे. यांतला कोणता हेतू आहे, हे शिक्षकाने स्वतःच्या मनाला विचारावे, असे ते सुचवतात. नुसता वैताग आला असेल तर मूल लक्ष वेधत आहे. आव्हान दिल्यासारखे वाटून राग आला असेल तर झगडा सत्तेचा आहे. मन दुखावले असेल तर त्यामागे सूड असावा, आणि हताश वाटत असेल तर मूल स्वतःच हताश आहे. ही काही रोगनिदानाची पद्धत नव्हे. तरीही आपला राग हीसुद्धा माहितीच आहे, हे छात्राध्यापकाला तिच्यामुळे उमगते.

चौथा हेतू आपल्याकडे फार वेळा उद्धटपणाच्या नावाखाली दडपला जातो. ज्याला जोडाक्षर येत नाही, त्याला ‘येत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘लिहिणार नाही’ म्हणणे अब्रूचे वाटते. सिंधुदुर्गात त्यात भाषेची भर पडते. घरी ‘माका’, ‘तुका’, ‘कित्याक’ असे बोलणाऱ्या मुलाला शाळेत ‘मला’, ‘तुला’, ‘कशासाठी’ लिहावे लागते. त्याच्या मालवणी उत्तरावर एकदा जरी वर्ग हसला आणि बाईही हसल्या, तरी पुढचे कित्येक दिवस ते तोंड बंद राहू शकते. वस्तुतः त्याच अधिनियमाचे कलम २९ शक्य तेथवर मातृभाषेतून आणि भयमुक्त शिक्षण देण्यास सांगते. उत्तर मालवणीत स्वीकारावे, ते तसेच फळ्यावर लिहावे आणि शेजारी प्रमाण रूप मांडावे. येथे मुलगाच बाईंचा शिक्षक होऊ शकतो, विशेषतः बाई घाटावरच्या असतील तर!

भावनगरच्या गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’मधील शिक्षकाची आठवण येथे अपरिहार्य आहे. मोठ्या उत्साहाने तो चौथीचा वर्ग हाती घेतो, पहिल्याच दिवशी शांततेचा खेळ मांडतो आणि मुले गोंगाट करून त्याचा बेत उधळून लावतात. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो आणि वर्ग शांत होतो. शिक्षकाने आपला बेत बदलला, म्हणून हे घडले. आताच्या पालघर जिल्ह्यातील कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली, ती याच जातीची गोष्ट म्हणावी लागेल.

घरी भेट देण्याआधी मात्र वर्गशिक्षकांना विचारणे शहाणपणाचे. वडील मुंबईला, घरात आजी आणि धाकटे भावंड, अशी कुटुंबे कोकणात नवी नाहीत. पहिल्याच भेटीत तक्रार नेली, तर घरी मार बसतो आणि शाळेत सूड उगवला जातो. मुलाने केलेली एखादी चांगली गोष्ट आधी आजीला सांगावी, मग ‘घरी कसो असता?’ एवढेच विचारावे. आजी उरलेले सांगते.

छात्रसेवाकालाच्या नोंदवहीत ‘विद्यार्थी उद्धट आहे’ असे लिहू नये. तारीख, तास, आपण काय म्हटले, तो काय म्हणाला आणि त्याच्या लगेच आधी वर्गात काय चालले होते, एवढे लिहावे. आठवडाभराच्या अशा नोंदी शेजारी ठेवल्या की नकार श्रुतलेखनाच्या तासालाच येतो आणि गणिताच्या तासाला कधीच येत नाही, असे काहीतरी दिसू लागते. त्या नोंदी घेऊन वर्गशिक्षकांशी बसावे.