जुना कॉम्प्युटर रात्री बंद करावा की चालूच ठेवावा?

पीक विम्याची मुदत जवळ आली की बीड जिल्ह्यातल्या सेवा केंद्रांवर रांगा लागतात. अशा वेळी ‘बंद केला तर सकाळी सुरूच होणार नाही’ या भीतीने जुना कॉम्प्युटर रात्रभर चालू राहतो. भीती अगदीच खोटी नाही. थकलेली हार्ड डिस्क अनेकदा सुरू होतानाच दगा देते. पण परळीत वीज तयार होते म्हणून लाइट जायची थोडीच थांबते! डिस्कवर काही लिहिले जात असताना वीज गेली, तर फाइल खराब होऊ शकते. शिवाय ८० वॅटचा संच रात्री १२ तास चालला, तर महिन्याला सुमारे २९ युनिट जातात. त्यामुळे आधी बॅकअप घ्या, मगच शट डाउन करा. सकाळी तारीख चुकलेली दिसली आणि पोर्टल उघडेना, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदला. बहुतेक संचांत तो ३ व्होल्टचा, सीआर २०३२ असतो.