कोपराचे हाड मोडते तेव्हा

उजवा हात खाली सरळ सोडा आणि डाव्या हाताच्या बोटांनी कोपराची मागची बाजू चाचपून पाहा. दोन बाजूंना दोन उंचवटे आणि मध्ये एक टोक, असे हाडाचे तीन बिंदू लागतील. हात सरळ असताना ते साधारण एका आडव्या रेषेत असतात. आता हात काटकोनात वाकवा. मधले टोक खाली सरकते आणि तिन्ही बिंदूंचा त्रिकोण होतो. बाजूचे उंचवटे दंडाच्या हाडाचे, तर मधले टोक करंगळीच्या बाजूने मनगटाकडे जाणाऱ्या हाडाचे. अंगठ्याच्या बाजूचे तिसरे हाडही आपले वाटोळे डोके याच सांध्यात टेकवते. तळहात उताणा-पालथा होतो तो त्याच्या फिरण्यामुळे.

आमचे एक काका वाशिम जिल्ह्यातील कामरगावला राहतात. शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर शेती पाहतात. दोन पावसाळ्यांपूर्वी ते बांधावरून घसरले आणि उजव्या कोपरावरच आपटले. गावात कोणीतरी गरम तेलाने चोळून दिले, वर बांबूच्या कामट्या बांधल्या. तीन आठवड्यांनी कारंज्याला एक्स-रे काढला, तेव्हा मधले टोक तुटून वर सरकलेले दिसले. आम्ही शल्यचिकित्सक नव्हे, आमचे काम धातूंवरचे. पण काकांच्या निमित्ताने या विषयात शिरलो आणि एक गोष्ट लक्षात आली. कोपराच्या बाबतीत हाड जुळण्यापेक्षा सांधा हलता राहणे अवघड असते.

कोपर फार लवकर आखडते. हाड सांधायला दीड-दोन महिने लागतात, आणि तेवढा काळ हात प्लास्टरमध्ये राहिला तर हाड जुळते पण हात वाकत नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये बर्नार्ड मोरे आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये रोजच्या कामांना कोपर किती वाकावे लागते ते मोजले. बहुतेक कामे ३० ते १३० अंशांच्या टप्प्यात बसतात असे त्यांना आढळले. भाकरीचा घास तोंडापर्यंत नेण्याचे काम या टप्प्याच्या वरच्या टोकाला येते. म्हणून शस्त्रक्रियेचा हेतू तुकडे जागच्या जागी इतके पक्के धरण्याचा असतो, की काही दिवसांतच सांधा हलवायला लागता यावे. तुकडा सरकलेलाच नसेल तर बहुधा हात थोडे दिवस झोळीत ठेवून भागते.

मधल्या टोकावर दंडामागच्या स्नायूची कंडरा चिकटलेली असते. टोक तुटले की स्नायू ते वर ओढतो आणि फट पडते. इथे एक जुनी, फार सुंदर युक्ती आहे. काड्यापेटीच्या दोन रिकाम्या पेट्या टोकाला टोक लावून ठेवा आणि जोडावर फक्त वरच्या बाजूने चिकटपट्टी लावा. आता दोन्ही टोके खाली दाबा. वर फट पडू पाहते, पण पट्टी पडू देत नाही. उलट खालच्या कडा एकमेकींवर दाबल्या जातात. ओढ होती, तिचा दाब झाला! जर्मन शल्यचिकित्सक फ्रीड्रिख पाउवेल्स यांनी हे तत्त्व हाडांसाठी वापरले. कोपरात दोन सरळ तारा टोकातून हाडात घालतात आणि हाडाच्या मागच्या बाजूने पोलादी तार इंग्रजी आठच्या आकड्यासारखी आवळतात. प्रत्यक्ष मोजमापात सांध्याकडच्या बाजूला पुस्तकात म्हटल्याइतका दाब येत नाही असेही काही प्रयोगांत दिसले आहे, पण तार काम करते हे खरे. तिची खोड अशी, की त्वचेखाली लगेच हाड असल्याने टोके टोचतात आणि पुष्कळांना ती पुढे काढून घ्यावी लागते. हाडाचा चुराच झाला असेल तर तार आवळल्यावर तुकडे एकमेकांत घुसून सांध्याची खोबण अरुंद होते. अशा वेळी प्लेट आणि स्क्रू बरे.

वय फार झाले असेल तर मात्र हिशेब बदलतो. एडिंबरा येथे ७५ वर्षांपुढील रुग्णांवर केलेल्या एका लहान चाचणीत (२०१७) शस्त्रक्रिया झालेल्यांना इतके उपद्रव झाले, की चाचणी मध्येच थांबवावी लागली.

अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचे डोके दोन-तीन तुकड्यांत मोडले असेल तर बारीक स्क्रूंनी जोडता येते. त्याहून जास्त तुकडे असले तर जोडकाम टिकण्याची खात्री नसते. पूर्वी ते डोके सरळ काढून टाकत. भोवतालचे अस्थिबंध शाबूत असतील तर ते चालतेही, पण तेही फाटले असतील तर सांधा डगमगतो आणि हाड वर सरकून मनगट दुखू लागते. तेव्हा धातूचे डोके बसवतात.

दंडाच्या हाडाचे खालचे टोक मोडणे सर्वांत कठीण. दोन बाजूंना दोन प्लेटा लावतात. सांधा नीट दिसावा म्हणून कधी कधी शल्यचिकित्सक मधले टोक मुद्दाम कापून बाजूला करतात आणि शेवटी ते तारेने किंवा प्लेटने पुन्हा बसवतात! कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या आणणारी नस आतल्या उंचवट्यामागूनच जाते; तिला जपणे हे या शस्त्रक्रियेतले मोठे काम. म्हाताऱ्या माणसाचे हाड ठिसूळ असून चुरा झाला असेल तर सगळा सांधाच कृत्रिम बसवता येतो. पण त्या हाताने जन्मभर चार-पाच किलोंपेक्षा जास्त उचलायचे नाही. भरलेली बादली याहून जड असते, म्हणून शेतात राबणाऱ्याला हा पर्याय आम्हाला पटत नाही.

चोळण्याबद्दल विद्यार्थ्यांना जरूर सांगावे. दुखावलेले कोपर चोळले की स्नायूला आणखी इजा होते आणि त्या स्नायूतच नवे हाड धरण्याचा धोका वाढतो. मग हाडच दाराच्या अडसरासारखे आड येते. बोटे गार पडली, बधिर झाली किंवा जखमेतून हाड दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा.

काकांची शस्त्रक्रिया अमरावतीला झाली. उशीर झाल्याने स्नायू आखडला होता, टोक खाली ओढून आणायला कष्ट पडले. प्लेट बसवली आणि चौथ्या दिवसापासून व्यायाम सुरू झाला. आज हात सुमारे १२० अंशांपर्यंत वाकतो. मान जराशी पुढे नेली की घास तोंडात जातो. सदऱ्याची गळ्याची गुंडी मात्र काकू लावून देतात.