शनिवारचे ज्योतिषी

अमेरिकेतल्या कुठल्याही विद्यापीठगावात सप्टेंबर ते डिसेंबर या काळात गुरुवारी संध्याकाळी माणसं जरा गुपचूप वागायला लागतात. प्रयोगशाळेत, सलूनमध्ये, विमा कंपनीच्या ऑफिसात कोणी ना कोणी एका यादीवर डोकं खुपसून बसलेलं असतं आणि शेजारी डोकावला की हाताने कागद झाकतं. यादीत शनिवारी होणारे दहा-पंधरा कॉलेज फुटबॉलचे सामने असतात. प्रत्येक सामन्यात कोण जिंकणार त्यावर खूण करायची, शेवटच्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून किती गुण होतील तो आकडा लिहायचा आणि पहिली किक बसायच्या आत यादी गटाच्या हिशेबनिसाकडे पोचवायची. शेवटचा आकडा बरोबरी झाली तर कामाला येतो. रविवारी सकाळी निकाल. या खेळाला ‘पिकेम’ म्हणतात. बक्षीस म्हणून फार तर एखादा पिझ्झा मिळतो. खरी कमाई म्हणजे पुढचा आठवडाभर मित्रांना टोमणे मारायचा परवाना.

हा फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन धावण्याचा, अंगावर चिलखत चढवून एकमेकांना आडवं करण्याचा अमेरिकी खेळ. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीत रटगर्स आणि प्रिन्स्टन या कॉलेजांत पहिला सामना झाला. रटगर्सने तो ६-४ असा जिंकला. तेव्हाचा खेळ आजच्यापेक्षा सॉकरलाच जास्त जवळचा होता. त्याला आजचं वळण येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्पने पुढच्या वीसेक वर्षांत दिलं. व्यावसायिक लीग १९२० मध्ये आली, तोवर कॉलेजांच्या सामन्यांना अर्धशतकाची परंपरा झालेली होती. म्हणून आजही छोट्या गावांतल्या निष्ठा कॉलेजांशीच बांधलेल्या असतात. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात १,०७,६०१ माणसं बसतात. आपली तीन वानखेडे भरून वर काही हजार उरतील, आणि हे सव्वा लाख वस्तीच्या ॲन आर्बर नावाच्या गावात.

आता भाकिताकडे. वरच्या श्रेणीत आज सव्वाशेहून अधिक संघ आहेत आणि प्रत्येकाच्या वाट्याला नेहमीच्या हंगामात फक्त बारा सामने येतात. आयपीएलमध्ये दहा संघ आणि ते सगळेच एकमेकांशी भिडणार, त्यामुळे कोण किती पाण्यात ते महिनाभरात कळतं. इथे जॉर्जिया आणि ओरेगन यांची वर्षानुवर्षं गाठ पडत नाही. अ ने ब ला हरवलं, ब ने क ला लोळवलं, म्हणून अ हा क ला हरवेल, असली साखळी जोडत बसावं लागतं, आणि ती कुठेतरी हमखास तुटते. त्यात खेळाडू अठरा ते बावीस वर्षांची पोरं. गुरुवारी परीक्षा, शुक्रवारी विमान, शनिवारी लाखभर लोकांचा आरडाओरडा. २०२१ पासून त्यांना एक वर्ष बाहेर न बसता कॉलेज बदलता येतं आणि नावाचे, प्रसिद्धीचे पैसेही घेता येतात. त्यामुळे गेल्या वर्षीचा संघ यंदा ओळखू येईलच असं नाही. जुन्या जाणकारांचं अर्धं ज्ञान या दोन नियमांनी निकालात काढलं.

तरी नुसता विजेता ओळखणं तसं सोपं आहे. ज्याचं पारडं जड तो संघ ढोबळमानाने चारांपैकी तीन वेळा जिंकतो. कारण मोठी कॉलेजं सुरुवातीला लिंबूटिंबू संघांना पैसे देऊन खेळायला बोलावतात आणि झोडपतात. यात मजा नाही, हे पैजा लावणाऱ्यांच्या फार पूर्वीच लक्षात आलं. दुबळ्या संघावर पैसे लावायला कोण तयार होणार? यावर ‘स्प्रेड’ हा तोडगा १९४० च्या दशकात रुळला. त्याचं श्रेय सहसा शिकागोच्या चार्ल्स मॅकनील या गणिताच्या माजी शिक्षकाला देतात. बलवान संघाने नुसतं जिंकून भागत नाही, ठरावीक गुणांच्या फरकाने जिंकावं लागतं. स्प्रेड साडेवीसचा असेल तर वीसने जिंकलेला संघ कागदावर हरतो. तो अर्धा गुण मुद्दाम ठेवतात, कारण मैदानावर अर्धा गुण मिळत नाही, म्हणजे बरोबरीचा वादच मिटला.

या खेळात टचडाउन आणि त्यानंतरची किक मिळून सात गुण, आणि नुसता फील्ड गोल तीन गुणांचा. त्यामुळे सामने तीनच्या किंवा सातच्या फरकाने सुटण्याचं प्रमाण इतर आकड्यांपेक्षा बरंच जास्त आहे. अडीचचा स्प्रेड आणि साडेतीनचा स्प्रेड यांत एकाच गुणाचं अंतर, पण कसलेला गडी त्या एका गुणापायी आख्खा निर्णय फिरवतो. स्प्रेड धरून अंदाज करायचे म्हटले की चारांत तीनचा मान गळून पडतो आणि जवळजवळ छापा-काटाच उरतो. पैजेच्या दुकानात दहा डॉलर जिंकायला अकरा लावावे लागतात. म्हणजे शंभरात साधारण त्रेपन्न अंदाज बरोबर आले तर कुठे खर्च भरून निघतो. आयुष्यभर यावर पोट भरणारी माणसं पंचावन्न-छप्पन्नच्या आसपास घुटमळतात. एखादा मित्र सत्तर टक्क्यांच्या गप्पा मारू लागला तर तो हरलेल्या पैजा विसरतो आहे असं खुशाल समजावं.

मित्रांच्या गटांत माझा आवडता प्रकार ‘कॉन्फिडन्स पूल’. दहा सामने असतील तर विजेता निवडायचाच, शिवाय त्या दहांवर एकपासून दहापर्यंतचे आकडे वाटायचे, प्रत्येक आकडा एकदाच. ज्याची पक्की खात्री त्यावर दहा, जिथे हात थरथरतो तिथे एक. अंदाज खरा ठरला तर तेवढे गुण. सगळे बरोबर आले तर पंचावन्न. छातीठोकपणे बोलणाऱ्याला इथे छातीठोकपणाची किंमत मोजावी लागते. हवामानखात्याचे लोक हेच जरा शास्त्रशुद्ध रीतीने करतात. ‘पावसाची शक्यता सत्तर टक्के’ म्हणणाऱ्याला गुण कसे द्यायचे याचं सूत्र ग्लेन ब्रायर या अमेरिकी हवामानतज्ज्ञाने १९५० मध्ये मांडलं आणि भाकितांच्या अभ्यासात ते आजही वापरतात. मित्रमंडळी मात्र ब्रायरचं नाव न ऐकताच बिअर पीत तेच करत असतात.

दहाही सामन्यांत बलवान संघच निवडला तर? चारांत तीन या हिशेबाने दहापैकी सात-आठ बरोबर येतील. दहाच्या दहा येण्याची शक्यता सहा टक्क्यांच्याही आत. आणि मुख्य म्हणजे, बलवान संघ जिंकला की तो गुण गटातल्या सगळ्यांनाच मिळतो. तुमच्या पदरात वेगळं काही पडत नाही. गटात पुढे जाता येतं ते फक्त इतरांपेक्षा वेगळी खूण केलेल्या सामन्यांत. म्हणून मुरलेला खेळाडू यादीत असा सामना हुडकतो, जिथे दोन्ही संघ जवळजवळ तुल्यबळ आहेत, पण एकाचं नाव मोठं आहे म्हणून सगळा गट तिकडे धावणार. तिथे तो दुसऱ्या बाजूला खूण करतो. चुकलं तर फारसं बिघडत नाही, जमलं तर एका फटक्यात बाराजण मागे पडतात. बक्षीस आख्ख्या हंगामाचं असेल तर हे धाडस बेताने करावं. दर आठवड्याचं वेगळं बक्षीस असेल तर बेधडक. माझ्या मते या खेळात फुटबॉल समजण्यापेक्षा मित्र समजणं जास्त उपयोगाचं आहे. कोण आपल्या कॉलेजच्या विरुद्ध कधीच खूण करणार नाही, कोण गेल्या शनिवारी टीव्हीवर पाहिलेल्या संघाच्या प्रेमात पडतो, कोण पुढे असल्यामुळे आता सावध खेळेल, हे ओळखणाऱ्याचं नाव तक्त्यात सहसा वरच सापडतं.

सगळ्यात महाग पडते ती निष्ठा. कोलंबसमध्ये राहून तिथल्याच ओहायो स्टेटच्या विरुद्ध आणि तेही मिशिगनच्या बाजूने खूण करणं म्हणजे गावजेवणात पंगतीतून उठवून घेणं. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी हेच दोन संघ कोलंबसमध्ये भिडले. ओहायो स्टेट देशात दुसऱ्या क्रमांकावर, मिशिगन क्रमवारीच्या बाहेर, स्प्रेड वीसच्या आसपास. मिशिगनने १३-१० असा सामना मारला. सामन्यानंतर मिशिगनच्या खेळाडूंनी मैदानाच्या मधोमध आपला झेंडा रोवायचा प्रयत्न केला, धक्काबुक्की झाली, पोलिसांना तिखटाचे फवारे मारावे लागले.

त्याच हंगामात सप्टेंबरमध्ये नॉर्दर्न इलिनॉय या दुय्यम संघाने नोत्र दामला त्यांच्याच मैदानात १६-१४ असं हरवलं होतं. तिथला स्प्रेड अठ्ठावीसच्या वर. ऑक्टोबरमध्ये व्हँडरबिल्टने पहिल्या क्रमांकावरच्या अलाबामाला ४०-३५ असं लोळवलं. आनंदाने वेड्या झालेल्या विद्यार्थ्यांनी गोलचा खांब उपटला, नॅशव्हिलच्या रस्त्यांवरून मिरवत नेला आणि कंबरलँड नदीत बुडवला. आणि २० जानेवारी २०२५ च्या अंतिम सामन्यात कोण होतं? ओहायो स्टेट आणि नोत्र दाम. घरच्या मैदानावर ज्यांनी सगळ्यांच्या याद्या फाडल्या, तेच दोघे. ओहायो स्टेट ३४-२३ असं जिंकलं. हे शक्य झालं कारण त्याच हंगामापासून विजेतेपदाच्या फेरीत चारऐवजी बारा संघ घ्यायला सुरुवात झाली होती.

जुनी माणसं मात्र २००७ च्या पुढे जायला तयार नसतात. १ सप्टेंबरला ॲपलाचियन स्टेट या खालच्या श्रेणीतल्या संघाने पाचव्या क्रमांकाच्या मिशिगनला ॲन आर्बरमध्ये ३४-३२ असं हरवलं. या सामन्याचा स्प्रेड बहुतेक दुकानांनी लावलाच नव्हता, इतका तो एकतर्फी मानला जात होता. महिनाभराने स्प्रेड ४१ चा विरोधात असूनही स्टॅनफर्डने सदर्न कॅलिफोर्नियाला २४-२३ असं हरवलं. शेवटी दोन सामने हरलेलं लुइझियाना स्टेट (एलएसयू) राष्ट्रीय विजेतं झालं. त्या वर्षी पूल जिंकल्याचं सांगणारे इतके भेटतात की सगळेच खरे असणं अवघड आहे.

भाकितांचा हा नाद दूरचित्रवाणीने गावगप्पांतून उचलून राष्ट्रीय विधी करून टाकला. ईएसपीएनचा ‘कॉलेज गेमडे’ १९८७ मध्ये सुरू झाला आणि १९९३ मध्ये स्टुडिओतून बाहेर पडून विद्यापीठांच्या आवारात जाऊ लागला. त्यातले ली कोर्सो हे माजी प्रशिक्षक कार्यक्रमाच्या शेवटी त्या दिवशीच्या मोठ्या सामन्याचा अंदाज सांगत. ५ ऑक्टोबर १९९६ ला ओहायो स्टेटचं नाव घेताना त्यांनी त्या संघाच्या शुभंकराचं भलंमोठं डोकंच आपल्या डोक्यावर चढवलं. मग ती प्रथाच पडली. कोर्सो कोणतं डोकं उचलतात याकडे हजारोंचा जमाव श्वास रोखून बघे. विरुद्ध संघाचं उचललं तर हुर्यो. चारशेहून अधिक वेळा त्यांनी हे केलं आणि साधारण तीनांत दोनदा बरोबर ठरले, म्हणजे डोळे मिटून बलवान संघ निवडण्यापेक्षा काही सरस नव्हे. पण गेमडे तुल्यबळांच्या सामन्यांनाच जातं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. २००९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, बोलणं अडखळू लागलं, तरी ते येत राहिले. ३० ऑगस्ट २०२५ ला नव्वदाव्या वर्षी त्यांनी कोलंबसलाच निरोप घेतला. त्या दिवशीचे त्यांचे सहाच्या सहा अंदाज खरे ठरले.

त्यांच्या फार आधी प्राध्यापकही या फंदात पडले होते. इलिनॉय विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक फ्रँक डिकिन्सन यांनी १९२६ मध्ये संघांना गणिताने क्रम लावायची पद्धत काढली. १९३६ पासून असोसिएटेड प्रेसने पत्रकारांच्या मतांवरून साप्ताहिक क्रमवारी सुरू केली. त्यामागे वाचकांना दोन शनिवारांच्या मध्ये भांडायला विषय पुरवणं हा उघड हेतू होता, आणि तो आजतागायत सफल आहे. १९९८ ते २०१३ या काळात अंतिम सामन्यातले दोन संघ निवडताना संगणकांच्या सूत्रांनाही मत होतं.

पैशाचा प्रश्न येतोच. २०१८ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने क्रीडापैजांना आडकाठी करणारा केंद्रीय कायदा रद्द केला आणि बहुतेक राज्यांनी दारं उघडली. मित्रांतला पाच डॉलरचा पूल त्यापुढे भातुकली वाटतो, पण तोही कुणाला भोवलेला आहे. वॉशिंग्टन विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक रिक न्यूहायझल यांनी मित्र-शेजाऱ्यांच्या बास्केटबॉल पूलमध्ये भाग घेऊन बरीच रक्कम जिंकली. २००३ मध्ये त्यांची नोकरी गेली; पूल आणि चौकशीत खरं न बोलणं अशी कारणं पुढे आली. मग असं निघालं की विद्यापीठाच्याच नियम-अधिकाऱ्याने असे पूल चालतात असं लेखी कळवलं होतं. न्यूहायझल कोर्टात गेले आणि २००५ मध्ये ४५ लाख डॉलरांवर तडजोड झाली. पूलच्या इतिहासात इतकं मोठं बक्षीस दुसऱ्या कुणाला मिळालं असेल असं वाटत नाही.

आपली मुलं शिकायला जातात तीही नेमकी अशाच गावांत: पर्ड्यू, पेन स्टेट, टेक्सास ए अँड एम. पहिल्या वर्षी ती या वेडाला हसतात, दुसऱ्या वर्षी यादी भरतात. परत आलेल्यांचा नाद सुटतो असंही नाही. पुण्यात बसून पूर्व किनाऱ्यावरचा दुपारी बाराचा सामना ऑक्टोबरपर्यंत रात्री साडेनऊला लागतो, पुढे घड्याळं बदलली की साडेदहाला. पॅसिफिककडचा उशिराचा सामना मात्र रविवारी सकाळच्या पोह्यांबरोबर.

डिसेंबरात नेहमीचा हंगाम संपतो आणि चाळीसेक ‘बोल’, म्हणजे हंगामोत्तर, सामन्यांची मोठी यादी येते. इथे मुरलेलेही चाचपडतात. २०१६ च्या शेवटी लेनर्ड फोर्नेट आणि ख्रिश्चन मॅकॅफ्री या चेंडू घेऊन धावणाऱ्या दोन नामांकित खेळाडूंनी दुखापत टाळायला बोल सामना सोडला, तेव्हापासून व्यावसायिक लीगकडे डोळे लावलेले खेळाडू सर्रास घरी बसतात, प्रशिक्षक मधेच दुसरी नोकरी धरतात. त्यामुळे कोण चांगलं खेळतं यापेक्षा कोण खेळणार आहे, याचीच चौकशी करत बसावं लागतं. जानेवारीत अंतिम सामना होतो, हिशेबनीस शेवटचा तक्ता लावतो, आणि त्याच रात्री क्रीडावाहिन्या पुढच्या हंगामातले पहिले पंचवीस संघ जाहीर करतात. त्यातले निम्मे खेळाडू अजून कुठल्या कॉलेजात जायचं ते ठरवत असतात.