मिरजेचे यार्ड आणि लातूरचे पाणी

मिरज म्हटले की सीमाभागातील माणसाला दवाखाने आणि तंतुवाद्ये आठवतात. तेथील रेल्वे यार्डाचे लातूरशी असलेले नाते मात्र क्वचितच सांगितले जाते.

अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी अशी सुरू झाली. ती १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. मिरजेत तिची गाठ मीटरगेजशी पडे. रुळांची रुंदी वेगळी असल्याने डबे पुढे जात नसत. माल हमालांनी एका गाडीतून उतरवून दुसरीत भरायचा, हे या यार्डाचे मोठे काम होते.

१९७१ मध्ये पुण्याकडून ब्रॉडगेज आली. पुढे छोटी लाइनही रुंद झाली आणि ही मालबदली संपली.

एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानलेले असताना मिरजेत टाकीचे डबे कृष्णेच्या पाण्याने भरले गेले. पहिल्या गाडीत दहा डबे, सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शीमार्गे ती बहुतांशी जुन्याच वाटेने सुमारे ३४० किलोमीटर गेली. रुंदी एक झाली नसती, तर पोती पाठीवरून बदलता आली असती; पाणी कसे बदलणार होतो?