मूळ भांडार आणि त्याची आरसा-प्रत

लखनौ शहरात गोमती नदीच्या दक्षिण तीरावर सिकंदरबाग नावाची नबाबी काळातील बाग आहे. तिच्याच परिसरात राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था वसलेली आहे. प्राध्यापक कैलाशनाथ कौल यांच्या पुढाकाराने आकारास आलेले येथील राष्ट्रीय वनस्पती उद्यान 1953 साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आपल्याकडे घेतले आणि 1978 साली त्यास सध्याचे नाव प्राप्त झाले. उद्यानातील गुलाब व शेवंती पाहण्यास पुष्कळ लोक येतात. संस्थेच्या शुष्क वनस्पतिसंग्रहाकडे मात्र फार थोड्यांचे पाऊल वळते. तेथील कपाटांत दाबून वाळविलेल्या वनस्पतींचे दोन लाखांहून अधिक नमुने जतन केलेले आहेत. प्रत्येक नमुना जाड कागदावर चिकटविलेला असतो आणि संग्राहकाचे नाव, त्याने दिलेला क्रमांक, स्थळ व तारीख सांगणारी चिठ्ठी त्यासोबत असते.

अशा संग्रहांची एक जुनी रीत आहे. संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांनी अलीकडच्या काळात जो मार्ग अंगीकारला, त्याचे मर्म या रीतीवरून चांगले समजते.

एका झाडाचे अनेक नमुने

रानात गेलेला संग्राहक एकाच झाडाच्या अनेक फांद्या घेतो आणि त्या सर्वांना एकच क्रमांक देतो. एक नमुना तो आपल्या संस्थेत ठेवतो व बाकीचे दूरच्या संस्थांना पाठवितो. यात औदार्य आहे, तशी गरजही आहे. गवतांचा जाणकार एका देशात असतो, तर नेच्यांचा जाणकार दुसऱ्या देशात. कोणत्याही एका संस्थेत सर्व कुळांचे तज्ज्ञ असणे शक्य नाही. नमुना तज्ज्ञाच्या हाती पडला, म्हणजे तो त्याचे बारकाईने निरीक्षण करून नाव निश्चित करतो आणि आपली सही व साल घातलेली चिठ्ठी त्यावर लावतो.

हे नाव मूळ संस्थेकडे परत कळविले गेले, तरच या देवघेवीचे सार्थक होते. ते नेहमी घडतेच असे नाही. 2015 साली ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी आग्नेय आशियातील साल वृक्षाच्या कुळाचे नमुने तपासले. एकाच क्रमांकाच्या, म्हणजे एकाच झाडाच्या नमुन्यांना निरनिराळ्या संस्थांत निरनिराळी नावे दिलेली आहेत, असे त्यांना 29 टक्के प्रसंगी आढळून आले. एका प्रतीवर झालेली दुरुस्ती दुसरीपर्यंत पोहोचली नव्हती.

आज्ञावलीचे भांडार

संगणकाने कोणत्या क्रमाने काय करावे, हे सांगणाऱ्या लेखी आज्ञांच्या संचास आज्ञावली म्हणतात. जी आज्ञावली कोणासही वाचण्याची, वापरण्याची व बदलण्याची मुभा असते, ती मुक्तस्रोत आज्ञावली होय. तिचे भांडार म्हणजे एक दप्तरच असते. कोणता बदल कोणी, केव्हा व कशासाठी केला, याची नोंद त्यात क्रमाने राहते.

असे भांडार सांभाळण्याचे ‘गिट’ नावाचे साधन लिनस टॉरवाल्ड्स यांनी 2005 साली तयार केले. गिटची प्रत घेणाऱ्यास केवळ आजच्या आज्ञा नव्हे, तर सर्व पूर्वेतिहासही मिळतो. शिवाय प्रत्येक नोंदीस तिच्या मजकुरावरून व मागील नोंदीवरून गणिताने काढलेली 40 चिन्हांची खूण असते. एक अक्षर जरी बदलले, तरी ती खूण आणि तिच्यापुढील प्रत्येक खूण बदलते. त्यामुळे मूळ व प्रत यांत फरक पडला आहे की नाही, हे खुणा ताडून तत्काळ सांगता येते.

मूळ भांडार आपल्या जागी ठेवून त्याची हुबेहूब प्रत अन्यत्र मांडणे व ती सतत जुळवीत राहणे, यास आरसा-प्रत ठेवणे असे म्हणता येईल. ही प्रत बहुधा अशा ठिकाणी ठेवतात, की जेथे आज्ञावली लिहिणाऱ्यांची मोठी वर्दळ असते. 2008 साली सुरू झालेले गिटहब हे संकेतस्थळ आज अशा वर्दळीचे प्रमुख ठिकाण झाले आहे. लखनौचे चिकनकाम गल्लीबोळांतील व आसपासच्या खेड्यांतील घरांत होते. परंतु गिऱ्हाइकाच्या दृष्टीस ते चौकातील व अमीनाबादेतील दुकानांत पडते. आरसा-प्रतीचा हेतूही असाच असतो.

बाहेरच्या हातांची गरज

लखनौच्या एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याचे उदाहरण घेऊ. तो वापरीत असलेल्या आज्ञावलीत देवनागरी जोडाक्षरे तुटून उमटतात, असे त्याच्या ध्यानात येते. आज्ञावली रचणारे परदेशांत आहेत आणि त्यांपैकी कोणासही देवनागरी वाचता येत नाही. हा दोष त्यांना स्वतःहून कधीच दिसणार नाही. तो ओळखण्याचे ज्ञान बाहेर, त्या विद्यार्थ्यापाशी आहे. मूळ भांडार एखाद्या अपरिचित स्थळी असेल, तेथे निराळी नोंदणी करावी लागत असेल आणि निराळी साधने शिकावी लागत असतील, तर तो बहुधा माघारी फिरेल. त्याला ठाऊक असलेल्या जागी तिची प्रत असेल, तर तो दुरुस्ती करण्यास प्रवृत्त होण्याचा संभव अधिक.

भारत शासनानेही बाहेरच्यांचे साहाय्य अशा रीतीने मागितले आहे. ‘आरोग्य सेतू’ या अॅपच्या अँड्रॉइड आवृत्तीची आज्ञावली 26 मे 2020 रोजी गिटहबवर खुली करण्यात आली आणि सुरक्षिततेतील दोष दाखविणाऱ्यांसाठी बक्षिसे जाहीर झाली.

आता प्रश्न असा, की मूळ भांडारच गजबजलेल्या जागी का नेऊ नये? कित्येकांनी तसे केलेही आहे. पायथन या संगणकभाषेचे भांडार फेब्रुवारी 2017 मध्ये गिटहबवर हलविण्यात आले. परंतु ती जागा परक्याच्या मालकीची असते. गूगलने चालविलेले ‘गूगल कोड’ हे असेच स्थळ 2016 च्या आरंभी बंद झाले आणि तेथील प्रकल्पांना अन्यत्र आसरा शोधावा लागला. गिटहबही 2018 साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने विकत घेतले. म्हणून मूळ घरी व प्रत बाजारात, असा मार्ग अनेक प्रकल्प पसंत करतात.

प्रतींचा आणखी एक लाभ लिनक्सच्या अनुभवावरून दिसून आला. ऑगस्ट 2011 मध्ये लिनक्सच्या गाभ्याचे भांडार जेथे होते, त्या यंत्रांत घुसखोरी झाल्याचे उघडकीस आले. ती यंत्रे बंद असताना टॉरवाल्ड्स यांनी सप्टेंबरात आपली प्रत गिटहबवर ठेवली व काम पुढे चालू राहिले. जगभरच्या प्रतींतील खुणा ताडता येत असल्यामुळे इतिहासात गुपचूप फेरफार करणे शक्य नव्हते.

परतीची वाट

ती प्रत आजही गिटहबवर आहे. मात्र तेथे मांडलेले बदल लिनक्समध्ये स्वीकारले जात नाहीत. ते ई-टपालाने त्या त्या विभागाच्या सांभाळकर्त्याकडे पाठवावे लागतात. नवख्या माणसास याची कल्पना नसते. तो आरशातील दार खरे समजून ठोठावतो आणि उत्तराची वाट पाहत राहतो.

यापेक्षाही मोठा धोका जुळणीच्या रीतीत आहे. आरसा-प्रत जुळविताना साधारणतः मुळात जे असेल तेच प्रतीत आणले जाते, आणि मुळात जे नसेल ते पुसले जाते. प्रत सांभाळणाऱ्याने एखादी उपयुक्त दुरुस्ती थेट प्रतीत नोंदविली, तर पुढच्या जुळणीत ती नाहीशी होते. वनस्पतिसंग्रहांतील प्रती एकमेकींपासून दुरावतात. येथे प्रत मुळाशी एकरूप राहते, पण त्या भरात बाहेरच्या माणसाचे श्रम वाया जातात. दोन्ही ठिकाणी दोष एकच आहे. जाण्याची वाट आहे, परतण्याची नाही.

यावर उपाय आहेत. आरसा-प्रतीच्या दर्शनी पानावर ती प्रत असल्याचे, मूळ कोठे आहे याचे आणि दुरुस्ती कोणत्या मार्गाने पाठवावी याचे स्पष्ट निवेदन असावे. जेथे शक्य असेल तेथे दोहोंमध्ये पूल बांधावा. खुद्द गिटच्या प्रकल्पाने असा पूल बांधला आहे. गिटहबवर मांडलेला बदल ‘गिटगिटगॅजेट’ नावाची यंत्रणा ई-टपालाच्या रूपात आणून सांभाळकर्त्यांपुढे ठेवते. नवख्यास आपली ओळखीची जागा सोडावी लागत नाही आणि जुन्या मंडळींना आपली रीत बदलावी लागत नाही.

तिसरी गोष्ट श्रेयाची. गिटच्या नोंदीत बदल रचणारा आणि तो भांडारात दाखल करणारा, अशी दोन नावे स्वतंत्रपणे राहतात. त्यामुळे दुरुस्ती दुसऱ्याच्या हातून मुळात गेली, तरी ती करणाऱ्याचे नाव जपता येते. शुष्क नमुन्यावरील चिठ्ठीवर तज्ज्ञाची सही राहते, तसेच हे आहे. ज्याने कोणत्याही मोबदल्याविना साहाय्य केले, त्यास निदान इतके तरी मिळणे न्याय्य होय.

प्रत ठेवण्यास फारसे श्रम लागत नाहीत. जुळणीचे काम यंत्र आपोआप करते. आलेली सूचना वाचणे, तिचे उत्तर देणे, ती नाकारल्यास कारण सांगणे, ही कामे मात्र माणसालाच करावी लागतात. त्यांसाठी कोणी नेमलेला नसेल, तर प्रत पाहणारे वाढतात, साहाय्य करणारे वाढत नाहीत.

लखनौच्या त्या विद्यार्थ्याने जोडाक्षराची दुरुस्ती पाठविली आणि ती मूळ भांडारात दाखल झाली, तर त्या आज्ञावलीची नवी आवृत्ती घेणाऱ्या नागपूरच्या व पणजीच्या वाचकासही ते अक्षर नीट दिसेल. ती आरशातच राहिली, तर अक्षर सर्वत्र तुटकेच राहील, आणि तो विद्यार्थी पुन्हा कोणाच्या साहाय्यास सहसा जाणार नाही.