मनाचं दुखणं अंगावर काढू नका

बैलानं दोन दिवस वैरण सोडली, की तुम्ही जनावरांचा डॉक्टर बोलावता. घरधनी महिनाभर धड जेवत नाही, रात्रभर कूस बदलतो, लेकरांवर खेकसतो; तेव्हा मात्र 'होईल नीट' म्हणून गप्प बसता. सोयाबीन भिजलं, सोसायटीचं कर्ज थकलं, हे सारं त्याच्या पोटात. सोयऱ्याला सांगावं, तर उद्या पारावर चर्चा!

समुपदेशक म्हणजे वेड्यांचा डॉक्टर नव्हे. तो ऐकून घेतो, गुंता सोडवायला मदत करतो, गरज पडली तर डॉक्टरकडे पाठवतो. त्यानं कर्ज फिटत नाही, हे खरं. पण झोप लागली, तर बँकेत जाऊन बोलायचं बळ येतं.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर घरं पुन्हा बांधली गेली; छताखाली निजायची धास्ती मात्र कित्येकांच्या मनातून लवकर गेली नाही. धडधाकट माणसंच होती ती.

नांदेड आणि लातूरच्या सरकारी रुग्णालयांत मानसोपचाराची सोय आहे. २०२२ पासून १४४१६ या 'टेलि-मानस' क्रमांकावर रात्रंदिवस, फुकट, मराठीतून बोलता येतं. कुणी जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा केली, तर त्याला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध कुलपात ठेवा. मालक तयार नसतील, तर बाईंनो, आधी तुम्हीच फोन लावा.