विश्लेषण : बेंच प्रेस करताना रॉड छातीवर अडकला तर?

सोमवारी संध्याकाळी कोणत्याही जिममध्ये डोकावून पाहा, सर्वाधिक गर्दी बेंचभोवती असते. सोमवार म्हणजे ‘चेस्ट डे’ हा तिथला अलिखित नियम आणि ‘बेंच किती मारतोस?’ हा ओळख झाल्यावरचा पहिला प्रश्न. मात्र या व्यायामात एक मोठी अडचण आहे. डेडलिफ्टमध्ये वजन झेपले नाही तर ते जमिनीवर टाकून देता येते. बेंच प्रेसमध्ये तुम्ही खाली आणि वजन वर. हात थकले की रॉडला खाली येण्यासाठी एकच जागा उरते, तुमची छाती किंवा मान. शेजारी कोणी नसताना असे घडून जगभरात लोकांचे जीव गेले आहेत. म्हणून किती वजन उचलायचे याआधी, ते उचलले गेले नाही तर काय करायचे, हे ठाऊक हवे.

जोर आणि बेंच यांत फरक काय?

छाती, खांद्याचा पुढचा भाग आणि दंडामागचा ट्रायसेप्स हे स्नायू दोन्हींत राबतात. आपल्या तालमींत पिढ्यान्‌पिढ्या जोर मारून छाती कमावली गेली. तिथे दमलेला पैलवान फार तर मातीवर पडतो. शिवाय जोरात स्वतःचेच वजन असते. साध्या पुशअपमध्ये हातांवर शरीराच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भार येतो, म्हणजे ७० किलोच्या माणसाला साधारण ४५ किलो. सलग १५-२० नीट पुशअप जमत नसतील, तर रॉडला प्लेटा लावण्याची घाई करू नये.

बेंच प्रेसचे वैशिष्ट्य असे की वजन थोडे-थोडे वाढवत नेता येते आणि मोजता येते. पॅरालिम्पिकमधील पॉवरलिफ्टिंगमध्ये तर हा एकच प्रकार असतो. राजिंदरसिंग राहेलू यांनी २००४च्या अथेन्स पॅरालिम्पिकमध्ये यातच कांस्यपदक मिळवले. २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सुधीर यांनी सुवर्ण जिंकले. इराणच्या सियामंद रहमान यांनी रिओत २०१६ मध्ये ३१० किलो उचलले होते.

आपण नेमके किती उचलतो?

ऑलिम्पिक मापाचा रॉड २० किलोचा आणि २.२ मीटर लांब असतो. महिलांचा १५ किलोचा. अनेक जिममध्ये त्याहून हलके, आखूड रॉडही असतात, त्यामुळे विचारून घ्यावे. बरेच जण फक्त प्लेटा मोजतात. दोन्ही बाजूंना दहा-दहा लावले की ‘वीस’ म्हणतात, प्रत्यक्षात ते चाळीस असतात.

कमाल वजन शोधण्यासाठी एकदाच जीव खाऊन उचलण्याची गरज नाही. एप्ली यांचे सूत्र वापरता येते. वजन गुणिले (१ अधिक रेप भागिले ३०). ५० किलो सहा वेळा उचलले तर अंदाजे कमाल ६० किलो. रेप कमी असतील तेव्हा हा अंदाज बरा जुळतो, वीस रेपनंतर त्यावर विसंबू नये.

रॉड अडकतो कुठे?

बहुतेकदा छातीपासून काही सेंटिमीटर वर. खाली आलेल्या रॉडचे खांद्याच्या सांध्यापासूनचे आडवे अंतर जास्त असते, त्यामुळे तेवढेच वजन स्नायूंना भारी पडते. लांब पाना आणि आखूड पाना यांचा फरक आठवा. म्हणूनच जाणकार रॉड सरळ उभ्या रेषेत वर नेत नाहीत. छातीच्या खालच्या भागाला टेकवून तो वर आणि किंचित मागे, खांद्यांच्या रेषेत आणतात. कोपरे शरीराशी काटकोनात फाकवली तर खांद्यावर ताण वाढतो. ती थोडी आत हवीत, खांद्याची पाती मागे ओढून बेंचवर दाबलेली आणि पाय जमिनीवर घट्ट.

छातीचा मोठा स्नायू फाटण्याच्या घटनांत बेंच प्रेस हे सर्वात नेहमीचे कारण आहे, आणि तो बहुधा रॉड खाली येताना फाटतो. ‘फट्’ असा आवाज, दंडावर पसरणारा काळानिळा डाग, हात आत ओढताना ताकद न लागणे अशी लक्षणे दिसली तर मालिश करत बसू नये, अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे.

मग बचाव कसा?

रॅकला आडव्या सुरक्षा दांड्या असतील तर अर्धी लढाई जिंकली. छाती फुगवून झोपल्यावर रॉड छातीला टेकेल, पण श्वास सोडून छाती खाली केली की दांड्यांवर बसेल, इतक्या उंचीवर त्या लावायच्या. त्या मानेच्या पातळीपेक्षा वरच हव्यात. रिकाम्या रॉडने एकदा तपासून पाहावे.

दांड्या नसतील तर स्पॉटर हवा. त्याला आधीच सांगा, किती रेप करणार, रॉड काढून द्यायचा का आणि हात कधी लावायचा. रॉड खाली सरकू लागला की त्याने विचारत न बसता पकडायचा. ‘तूच उचलतोयस, तूच!’ असे ओरडत प्रत्येक रेपला स्वतःच ओढणारा स्पॉटर सर्वत्र भेटतो. त्यात व्यायाम त्याचा होतो आणि आकडा तुमच्या नावावर लागतो.

दोन्ही नसतील तर डंबेल घ्यावेत, ते बाजूला सोडता येतात. तरीही एकट्याने रॉडच घ्यायचा असेल, तर वजन हलके ठेवून प्लेटांची लॉक लावू नयेत. अडकल्यास रॉड एका बाजूला कलवून प्लेटा घसरवता येतात. एक बाजू रिकामी होताच दुसरी झटक्याने आपटते, म्हणून आजूबाजूला कोणी नको. रॉड पोटावरून मांड्यांकडे लोळवत नेण्याची युक्ती फक्त हलक्या वजनासाठी. अंगठा रॉडभोवती गुंडाळलेलाच हवा. अंगठा मोकळा सोडण्याच्या पकडीला जिममध्ये ‘सुइसाइड ग्रिप’ म्हणतात, ते उगाच नाही.

श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब काही क्षण खूप चढतो. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून, हलक्या वजनाने, रॉड वर नेताना श्वास सोडत व्यायाम करावा.

फक्त बेंच पुरेसे आहे का?

नाही. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंचा व्यायाम अशी आहे. त्यात पाठ आणि पायही आले.

नव्या जिमची वार्षिक फी भरण्यापूर्वी एसी, आरसे आणि स्पीकर बघून होतातच. त्यासोबत बेंचच्या रॅकला सुरक्षा दांड्या आहेत का, आणि दुपारी तीन वाजता, गर्दी नसताना, हाकेच्या अंतरावर ट्रेनर असतो का, हे दोन प्रश्न काउंटरवर विचारून घ्यावेत.